ताटाखालची खूण

मार्गशीर्षात नंदुरबारला खोकल्याला कुणी खोकला म्हणत नाही. मिरची आलेली असते. बाजारात लाल ढीग, गावाबाहेर मैदानंच्या मैदानं वाळत घातलेली मिरची, आणि त्यावरून येणारा वारा. बसमधला कंडक्टर खोकतो, बँकेतला साहेब खोकतो, मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव खोकतो आणि भटजी शिंकतात. तेव्हा मीही खोकले, यात विशेष काय?

आमचं गाव तापीच्या अंगाला, काळ्या जमिनीचं. दोन एकर मिरची घरचीच. गेल्या वर्षी मी दीड महिना खळ्यात बसून देठ खुडले. कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा संजू नको म्हणत होता. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुणी ‘नको’ म्हटलं की तिला ते करावंसंच वाटतं.

पौष संपला, मिरची विकली गेली, खळं झाडून झालं. एका सकाळी संजू चहा घेताना म्हणाला, “माय, तुले डॉक्टरकडे लई जाऊ का?”

“कसाले? मिरचीना ठसका शे. गावमा सगळासले शे.”

“सगळासना गया व माय. तुन्हाच ऱ्हायना.”

एवढं सरळ वाक्य. ते ऐकून शहाणी बाई उठून चप्पल घालते. मी देव्हाऱ्यासमोर जाऊन आमच्या देवीला, कानबाईला म्हटलं, ठसका गेला तर सोमवारचा उपास गुरुवारीही धरीन. उपासाने मी बारीक झाले. झंपर खांद्यावरून उतरायला लागला, तर मला वाटलं उपास अंगी लागला. शेजारणी म्हणाल्या, काय बारीक झाल्या हो! मी लाजलेसुद्धा. क्षयाने झडलेली बाई आरशासमोर उभी राहून लाजते, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि हसून घ्या. पुढे हसण्याजोगं थोडं कमी आहे.

पाठ वाचणं

एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. मी रुमाल मिरचीच्या हाताने धरला असेल म्हणून सोडून देणार होते, पण वैशालीने, म्हणजे सुनेने, तो माझ्या हातातून ओढून घेतला. त्याच दिवशी आम्ही नंदुरबारला सरकारी दवाखान्यात गेलो. प्लास्टिकची डबी हातात दिली आणि त्यात थुंकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संजूला खिडकीशी नेलं. माझी नात शोभेल अशी पोर ती. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मला पाठ वाचता येते. पन्नास वर्षं पाठमोऱ्या माणसांच्या घरात काढली आहेत मी. सासऱ्यांची पाठ, नवऱ्याची पाठ, मुलाची पाठ. संजूचा उजवा खांदा खाली गेला आणि कान लाल झाले. मग तो वळला आणि हसला. कान लाल असताना हसणारा माणूस खोटं बोलणार, हे लिहून घ्या.

“छातीमा जरा इन्फेक्शन शे,” तो म्हणाला.

रिक्षात तो माझ्या शेजारी बसला आणि नाकाला रुमाल लावला. रिक्षा मिरचीच्या बाजाराजवळून जात होती, हे खरं. पण रुमाल मिरचीसाठी होता की माझ्यासाठी? बाजार मागे पडला तरी रुमाल खाली आला नाही. मी मोजलं. तीन वळणं.

घरी आल्यावर मी विचारलं, “गोळ्या किती दिन?”

“सहा महिना.”

“टीबी शे ना?”

“हळू बोल, माय.”

‘हळू बोल’ हेच उत्तर होतं. पडशाला कुणी हळू बोलत नाही.

जिजीची थाळी

आता चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जायला हवं, कारण माझी भीती तिथे बसली होती आणि माझी वाट पाहत होती.

तेव्हा मी या घराची धाकटी सून होते. आणि काय सून! सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. मी जेवायचे कधी, याचं घरातल्या म्हशींना कोडं पडायचं. माझ्या ओल्या लुगड्याला कुणाचा धक्का लागला तर मी पुन्हा न्हायचे. दिवसातून तीनदा न्हाणाऱ्या या पवित्र बाईचं मन मात्र कधी धुतलं गेलं नाही. ती मी आज मला भेटली तर तिला आदराने पाटावर बसवीन आणि बसता बसता पाट ओढून घेईन.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. त्यांना टीबी झाला. सासूबाई गोंधळल्या, सासरे गप्प झाले. मी पुढे आले. माझ्याजवळ धर्म होता ना! मी बाजारातून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक थाळी आणली, खिळा घेऊन तिच्या काठावर तीन ठिपके ठोकले, म्हणजे घरच्या पितळी ताटांत ती चुकून मिसळू नये. जिजीचं जेवण त्या थाळीत, दाराबाहेरच्या ओट्यावर.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या. ते रोट फक्त घरच्यांनी खायचे, एका पंगतीत बसून. तुकडासुद्धा बाहेरच्याला जाता कामा नये. त्या पंगतीत ज्याचं पान, तो घरचा. इतकं सोपं.

त्या वर्षी मी जिजीचा रोट पळसाच्या पानावर ठेवून ओट्यावर नेला. जिजीने पानाकडे पाहिलं, मग आत मांडलेल्या पंगतीकडे.

“मी घरनी नही का व?” जिजी म्हणाली.

“देवीना कोप व्हई,” मी म्हणाले.

देवी मला काही बोलली नव्हती. माझी भीतीच बोलत होती. मी तिला सोवळं नेसवलं होतं, म्हणून ती मला देवीसारखी दिसली.

जिजी बरी झाली. दवाखान्याने कागदावर लिहून दिलं. पण थाळीला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून थाळी ओट्यावरच राहिली. दहा-बारा वर्षांनी जिजी दुसऱ्याच दुखण्याने गेली, तोवर ती त्याच थाळीत जेवली आणि दर श्रावणात ओट्यावर बसून रोट खाल्ला. एकदाही पुन्हा विचारलं नाही. आणि मी? वैशाली सून म्हणून आली तेव्हा मी तिला ही गोष्ट फुशारकीने सांगितली. “घरमा टीबी व्हता, पन मी असं सोवळं सांभाळं की पोरसले काही व्हयनं नही.” सुनेवर छाप पाडायची होती.

जिजीची थाळी मी माळ्यावर टाकली होती. काही वर्षांपूर्वी माळा आवरताना ती वैशालीला सापडली आणि मिरचीपुडीच्या बरणीवर नेमकी बसली. तेव्हापासून ती तिथे झाकण म्हणून आहे. वैशालीला तिची ओळख नाही. मला होती. मी गप्प बसले.

तेव्हा या सहा महिन्यांत मला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरवर होती. पहिली भीती ही: श्रावणात रोटाच्या पंगतीत माझं पान कुठे असेल?

केशरी कौल

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला कापड बांधा, खिडकी उघडी ठेवा, वेगळ्या खोलीत झोपा. ताट-वाट्यांनी हा आजार पसरत नाही. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही. घरच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, सगळे स्वच्छ निघाले. त्यावरही मी विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, मला सांगायला स्वच्छ म्हणत असतील.

गोळ्या द्यायला आरोग्यखात्याची आशाताई यायची. ललिता तिचं नाव, गावाबाहेरच्या पाड्यावरची. पहिल्या दिवशी ती बरंच काही सांगत होती. मी ऐकत नव्हते. ती माझ्यापासून किती लांब बसते, तेवढंच पाहत होते. ती खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. वैशालीने आणलेला चहा आमच्याच कपातून प्यायली. तेव्हा मला आठवलं, हिची आई आमच्या शेतात कापूस वेचायला यायची आणि पाणी मागायची. मी ओट्यावर उभी राहून वरून ओतायचे, ती खाली ओंजळ धरायची.

“तुन्ही माय...” मी सुरुवात केली.

“माले माहीत शे,” ललिता म्हणाली. गोळ्यांची पट्टी फोडली, पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिला. “प्या, आजी. पुरं प्या.”

मी पुरं प्यायले. माझ्या सोवळ्याचं त्या दिवशी काय झालं ते मी विचारायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीत गेले तर लघवी केशरी! भगवी म्हणा हवं तर. पहिला संशय वैशालीवर: काय घालते ही जेवणात? दुसरा संशय फार मोठा: हा कानबाईचा कौल. देवीचा शेंदरी रंग माझ्यातून बाहेर पडतोय, म्हणजे देवी अंगातून रोग काढतेय! मी मोरीतच हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस मी खाटेवर अशी बसले की जणू मलाच कुणी ओटी भरायला येणार आहे.

तिसऱ्या दिवशी ललिताला हळूच सांगितलं. ती इतकी हसली की तिला चहाचा कप खाली ठेवावा लागला. “आजी, गोळीना रंग शे तो! पहिल्या दिनच सांगेल व्हतं मी.”

तर माझ्या वर्षातला पहिला साक्षात्कार असा मोरीत झाला आणि तिथेच वाहून गेला. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ही औषधं चालू असतील तर घाबरू नका, आणि कृपा करून हातही जोडू नका.

सेफ्टी पिन

दोन महिन्यांत खोकला निवला. भूक लागायला लागली. शेवग्याच्या शेंगांचा वास आला आणि मला रडू आलं, कारण कित्येक दिवसांत कसलाच वास आवडला नव्हता. अशा छोट्या गोष्टी फार मोठ्या असतात आजारात. वैशाली सकाळी उन्हाची तिरीप पाहून खाट सरकवायची, तेही. पण तेव्हा मी तिचे उपकार मोजत नव्हते. मी पुरावे गोळा करत होते.

जेवण अजून माझ्या खोलीत यायचं. स्टीलचं ताट. घरात तसली दहा-बारा, सगळी सारखी. आजच्या ताटात काल कोण जेवलं होतं? की हे फक्त माझंच आहे? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे माझा संशय उघडा पडणार. आणि मला अजून एक भीती होती: ती खोटं बोलेल आणि मला ते कळेल.

तेव्हा मी एका दुपारी जेवण झाल्यावर बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि ताट उलटं करून बुडाशी एक बारीक फुली ओरखडली. आता हे ताट इतरांत फिरलं तर माझ्याकडे कधी बिनफुलीचं ताट येईल. नाही आलं तर कळलंच.

रात्रीचं ताट आलं. तिरकं करून खाली पाहिलं: फुली. आमटी मांडीवर सांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी: फुली. संध्याकाळी: फुली. बारा दिवस मी प्रत्येक जेवणाआधी ताट उचलून खाली डोकावले, माझ्या लुगड्यावर वरणाचे नकाशे उमटले. एकदाही बिनफुलीचं ताट आलं नाही.

बाराव्या दिवशी मी शांत झाले. अशी शांत की मला स्वतःचीच भीती वाटली. ठरलं. माझी थाळी वेगळी आहे. श्रावणात माझा रोट ओट्यावर येणार. नियतीला नावं तरी कशी ठेवू? रीत माझीच होती.

आणि मग मी ते केलं जे लिहायला लाज वाटते, पण लिहिणार आहे, कारण तुमच्या घरात माझ्यासारखी रुसकी म्हातारी असू शकते. मी गोळ्या घेणं बंद केलं. पट्टी फोडायची, गोळ्या मुठीत, पाणी प्यायचं, रिकामी पट्टी ललिताला दाखवायची. गोळ्या देव्हाऱ्यात, देवांच्या आसनाच्या लाल कापडाखाली. ज्या घराला मी नको, त्या घरासाठी बरं तरी कशाला व्हायचं? नऊ दिवस. देवीला म्हटलं, तूच खा. सोमवारही सोडला, गुरुवारही. आयुष्यात पहिल्यांदा देवाशी अबोला धरला, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत तेव्हाच मला ती समोर बसलेली वाटली. अबोला धरायला समोर कुणीतरी लागतं ना.

दोन पुरावे

आषाढ सरत आला. वैशालीने कानबाईसाठी घर आवरायला काढलं. मी खोलीत पडले होते. सातव्या-आठव्या दिवसापासून खोकला पुन्हा उंबऱ्यात येऊन बसला होता. देव्हाऱ्याकडून भांड्यांचा आवाज आला आणि एकदम थांबला.

वैशाली दारात उभी राहिली. तळहातावर गोळ्या, लाल कापडाचे धागे चिकटलेल्या.

“आई, हाई काय शे?”

मी वाटच पाहत होते जणू. खाटेखालून दुपारचं ताट ओढलं, उलटं केलं आणि तिच्यासमोर धरलं. “पहिले तू सांग. हाई काय शे?”

“फुली शे.”

“आनि हाई ताट रोज मन्हाकडेच कसं येस?”

वैशालीचं माहेर धुळ्याचं. तिला राग आला की ती अहिराणी सोडते आणि शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलते. ती आता तसं बोलायला लागली.

“ती फुली तुम्ही केलीत, आई. मी घासायला घेतलं तेव्हा त्याच दुपारी दिसली मला. तोवर ताटं सगळी एकत्रच होती. मी फुली पाहिली आणि समजले की तुम्हाला तुमचं ताट वेगळं हवंय. तुम्हीच सांगायचात ना, जिजींना वेगळी थाळी होती, तुम्ही सोवळं सांभाळलंत? मला वाटलं, या घरची रीत आहे, मोठ्या माणसांना आपण कसं नाही म्हणायचं? म्हणून ते ताट वेगळ्या फळीवर ठेवायला लागले.” तिचा आवाज फाटला. “आणि मला काय वाटलं सांगू? माझ्या हातच्या धुण्याचाही तुम्हाला भरवसा नाही, असं वाटलं. मी रात्रंदिवस तुमचं करते आणि तुम्ही ताटावर खुणा करता!”

मी ताट सुलटं करून खाटेवर ठेवलं. माझ्याच सेफ्टी पिनने माझं ताट वेगळं केलं होतं. ज्याची भीती होती ते मी स्वतःच्या हाताने घडवलं आणि मग बारा दिवस त्याचा पुरावा गोळा केला. वकिलाला असा साक्षीदार मिळाला असता तर त्याने मला जरीचं पातळ घेतलं असतं.

“तू विचारलं कसाले नही?” मी म्हणाले.

“तुम्ही का नाही विचारलंत?”

मी जिजीचं वाक्य बोलले. ठरवलं नव्हतं. ते घशात कधीचं बसून होतं.

“मी घरनी नही का व?”

वैशालीने गोळ्या खाटेवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. तोंडाला कापड नव्हतं, खोकला परत आला होता, तरी धरलं. “आई, तुम्ही घर आहात,” असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “चपला घाला. दवाखान्यात चला. आत्ता.”

दोन दिवस

डॉक्टरीणबाई रागावल्या. माझ्या वयाचा मान ठेवून रागावल्या, पण रागावल्या. मध्येच गोळ्या सोडल्या की जंतू चिवट होतात, मग जास्त कडक औषधं, जास्त महिने. पुन्हा डबी दिली. दोन दिवसांनी या.

ललिता दारात आली तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकले नाही. रिकाम्या पट्ट्या दाखवून मी तिला फसवलं होतं. ती पायथ्याशी बसली, नेहमीच्या जागी. “आजी, आते मन्हा समोर गिळो. आनि तोंड उघाडीसन दखाडो.” मी लहान पोरीसारखं तोंड उघडून दाखवलं.

त्या दोन दिवसांत मी पुन्हा खोलीत, पुन्हा तोंडाला कापड. नातू दारातून डोकावला तर मी हाकललं. आता भीती पंगतीची नव्हती. माझ्या रुसण्याने कुणाला दिलं तर नसेल ना, ही होती. ती फार वेगळी भीती असते. तिला सोवळं नेसवता येत नाही.

मी देवीपुढे बसले. सवयीने ओठांवर आलं: बरी झाले तर मी अमुक करीन. मग थांबले. आयुष्यभर मी तिच्याशी असं बोलले जसं भाजीवालीशी बोलतात. इतकं दे, इतकं घे, वर कोथिंबीर. आणि वर संशयही माझाच, की ती वजनात मारते. त्या दिवशी मी काही कबूल केलं नाही. फक्त म्हटलं, मी खोटेपणा केला. ललिताशी, वैशालीशी. आणि जिजीशी, तुझं नाव पुढे करून.

देवी काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. मला हे पूर्वीपासून जरा संशयास्पदच वाटतं. पण मला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी कळलं: थुंकीत काही नाही. गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त दिवस घ्याव्या लागणार. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मी पंगतमा बसू शकस का?” त्यांना पंगतीचं महत्त्व कळलं नसावं. त्या म्हणाल्या, “बसा की. कुणी अडवलंय?”

कुणी अडवलं होतं, ते मला माहीत होतं.

रोट

कानबाईच्या आधी गहू मोजायला वैशाली सूप घेऊन बसली. संजूच्या नावाची मूठ, नातवाच्या नावाची मूठ. गेलेल्या पुरुषांच्या नावाने आमच्याकडे घेत नाहीत.

“आखो एक टाक,” मी म्हणाले.

“कोनी?”

“जिजीनी.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. “बाईनी मूठ नही ऱ्हास ना, आई. आनि त्या तर गयात.”

“कानबाई बी बाईच शे. तिले मी समजाडसू.”

तिने मूठ टाकली. मग मी स्वयंपाकघरात गेले, मिरचीपुडीच्या बरणीवरची जर्मनची थाळी काढली, चिंच लावून घासली आणि काठावरचे तीन ठिपके तिला दाखवले. सगळं सांगितलं. या वेळी फुशारकी नव्हती. सगळं ऐकून ती पुन्हा शाळेतल्या बाईंसारखं म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं या थाळीखालचं तिखट आपण सगळे खातोय.”

“हो.”

“आणि झालं काय?”

“काहीच नही.”

रविवारी पंगत बसली. संजू, नातू, मी, वैशाली. जिजीची थाळी मी ओळीत ठेवली, माझ्या आणि वैशालीच्या मधे. तिच्यात तिच्या मुठीचा रोट, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. रोट उरवायचा नाही, बाहेर द्यायचा नाही. म्हणजे तो कुणाला तरी त्या थाळीतून खावा लागणार. मी मुद्दाम काही बोलले नाही. मला पाहायचं होतं. जुनी खोड जाते कुठे?

संजूने थाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. त्याने हात पुढे केला आणि भाजीची वाटी घेतली, स्वतःची. मी मनात नोंद घेतली.

वैशालीने हात पुढे केला आणि थाळीतला रोट मोडला. एक तुकडा माझ्या ताटात, एक स्वतःच्या तोंडात. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. तिने गिळला.

आणि खोकली. जोरात. पुन्हा खोकली. डोळ्यांतून पाणी आलं. पंगत थांबली. इतकी वर्षं तिखटावर बसलेल्या थाळीच्या कडेत, त्या तीन ठिपक्यांत, मिरची बसली असणार, कितीही चिंच लावली तरी.

“मिरचीना ठसका शे, आई,” ती हसत, डोळे पुसत म्हणाली.

“असंच मी बी म्हनेल व्हतं,” मी म्हणाले. “मंगळवारे चाल. डबीमा थुक.”

संजू हसला, नातू हसला. मी हसले नाही. जिजीचा उरलेला रोट मी त्याच थाळीतून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली. मंगळवारी मी आणि वैशाली नंदुरबारला गेलो. ती कुरकुरली, पण आली. डॉक्टरीणबाईंना वाटलं माझी तपासणी आहे. मी म्हटलं, हिची. काही निघालं नाही. मिरचीचाच होता.

परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. मी एकदा खोकले, मुद्दाम. तिचा रुमाल पिशवीतच राहिला. मी मोजलं. तीन वळणं.